कठडा आणि हातोडी

धम्मपाल पगारे यांनी नोकरीची सगळी वर्षं एकच काम केलं. चाकांना हातोडी मारायची आणि चाक काय म्हणतंय ते ऐकायचं. मनमाड स्टेशनात गाडी लागली की प्रवासी चहाकडे धावत आणि धम्मपाल गाडीच्या पोटाकडे. लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्यांच्या कडेकडेनं चालत, प्रत्येक चाकाच्या काठावर एक टोला देत आणि मान तिरकी करून ऐकत. 'टण्ण' असा लांबत जाणारा आवाज आला की चाक ठणठणीत. 'धब्ब' असा मेलेला आवाज आला की कुठंतरी चीर आहे. मग डब्यात मंत्री बसलेला असो नाहीतर नवरदेव, गाडी जागची हलत नसे.

निवृत्तीच्या दिवशी रेल्वेनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि हातोडी परत घेतली. दुसऱ्या दिवशी धम्मपाल बाजारात जाऊन स्वतःची एक छोटी हातोडी घेऊन आले. तिच्याशिवाय त्यांना बाहेर पडवेना. कलिंगड घेताना ती पिशवीतून निघे. गॅसचं सिलिंडर संपत आलंय का, हे ते वाजवून सांगत. नाशिकला जेल रोडवर घर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी भिंती, टाइल्स आणि दारं इतकी वाजवली की बिल्डर त्यांना लांबून बघूनच गाडी मागं घ्यायचा. निकिताच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीच्या लग्नाआधी त्यांनी होणाऱ्या जावयाची मोटरसायकल ठोकून बघितली. जावई मात्र न ठोकताच पास झाला, कारण मंगलाबाईंनी वेळेवर नवऱ्याचा हात धरला.

असा हा माणूस गेला आठवडाभर नीट जेवत नव्हता. कारण होतं घरातला कठडा.

त्यांच्या हॉलचं छत दोन मजले उंच. भिंतीला धरून जिना वर जायचा आणि जिन्याच्या टोकाला एक अरुंद गॅलरी, तिच्यावरून थेट खाली हॉल दिसायचा. जिन्याला आणि गॅलरीला बिल्डरनं चकचकीत स्टीलचे आडवे पाइप लावून दिले होते. मोठ्या माणसांना तो कठडा वाटे. नुकत्याच पळायला लागलेल्या मैत्रीला ती शिडी वाटली.

मैत्री म्हणजे निकिताची मुलगी. मागच्या खेपेला तिनं गॅलरीत पहिल्या पाइपावर पाय ठेवला, मग दुसऱ्यावर, आणि पोट वरच्या पाइपावर टेकवून ती खालचा पंखा बघायला वाकली. मंगलाबाईंनी झडप घालून मागून फ्रॉक पकडला. निकिता तेव्हा खोलीच्या दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं आणि ती एक शब्द बोलली नाही. बोलण्यात निकिता आईच्या वरताण. ती गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर, हे धम्मपालांनी ओळखलं.

पुण्याला गेल्यावर तिचा फोन आला. "बाबा, सोमवारपासून मी परत कामावर जातेय. शनिवारी मैत्रीला घेऊन येते. कठडा बघते. पटला तर ती तुमच्याकडे राहील. नाहीतर इथलं पाळणाघर आहे. तिथल्या ताईंनी जागा धरून ठेवलीय."

"पाळणाघर कशाला? मी आहे ना!"

"तुम्ही मागच्या वेळीही होतात, बाबा."

निकिता लहान असताना धम्मपालांच्या पाळ्या अशा उलटसुलट असायच्या की लेकीचं पहिलं पाऊल, पहिला दात, पहिली शाळा हे सगळं त्यांना मंगलाबाईंकडून कळलेलं. नातीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही म्हणून त्यांनी नाचणीचं सत्त्व शिजवायला शिकून घेतलं होतं. पहिली दोन पातेली शेजारच्या सविताताईंच्या कुत्र्यानंही हुंगून सोडली, पण तिसरं जमलं होतं. छोट्या खोलीला पिवळा रंग देऊन झाला होता. आता फक्त कठडा राहिला होता.

ते अंबडला राकेशच्या फॅब्रिकेशनच्या शेडवर गेले. बरोबर हातोडी आणि एक पितळी तांब्या. तांब्या मंगलाबाईंनी निवडून दिला होता, मैत्रीची राहिलेली टोपी घरातल्या एकेका भांड्याला घालून बघून.

"रॉट आयर्न दाखव," धम्मपाल म्हणाले.

राकेश बोलका माणूस. "काका, खरं रॉट आयर्न म्हणजे लोहारानं भट्टीत तापवून, ठोकून ठोकून केलेलं. आता नाव तेवढं राहिलंय. आम्ही साध्या माइल्ड स्टीलच्या सळ्या वाकवतो. फुलं-पानं ओतीव मिळतात, ती वर जोडतो. पण गिऱ्हाइकाला रॉट आयर्न म्हटलं की त्याला आपली रो हाउस बंगल्यासारखी वाटते. हे बघा, द्राक्षाचे घड. नाशिकमध्ये सगळ्यांना हेच लागतं."

धम्मपालांनी चप्पल काढून अंगठा द्राक्षाच्या घडावर टेकवला. अंगठा छान बसला.

"पाय टेकतो," ते म्हणाले. "नको."

"काका, घडावर कोण पाय देणार?"

"माझी नात देणार. आणि ही पानं. टोकं बघ कसली आहेत. बरोबर तिच्या डोळ्यापाशी येतील." मग त्यांनी पिशवीतून तांब्या काढला आणि दोन सळ्यांमधून घालून बघितला. तांब्या आरपार गेला. शेडमधली माणसं वेल्डिंग थांबवून बघायला लागली.

"हे काय चाललंय?" राकेशनं विचारलं.

"डोकं."

"कुणाचं?"

"नातीचं. हा आत गेला की समज डोकं आत गेलं. आणि डोकं आत गेलं की बाहेर निघत नाही."

शेवटी ठरलं ते असं: सरळ उभ्या सळ्या, तांब्या अडकेल इतक्या जवळजवळ. आडवं काही नाही, फुलं नाहीत, पानं नाहीत. खालून गंजरोधक रंगाचा हात, त्यावर काळा रंग. राकेशचा चेहरा उतरला. "काका, जेलसारखं दिसेल हो."

"मग राहतो कुठं मी? जेल रोडलाच ना!"

गॅलरीचा प्रश्न राहिला. निकितानं फोनवर सांगितलं, "वर तरी काच लावा. काचेला पाय ठेवायला जागाच नसते. आणि खालून बघितलं तर ती दिसेलही." मंगलाबाईंनी मागून ओरडून विचारलं, "आणि माझ्या गोधड्या कशावर वाळत टाकू? काचेवर? दुकानात विकायला ठेवल्यासारख्या दिसतील!" पण नात आणि गोधडी यांत गोधडीची बाजू फार वेळ टिकली नाही.

काचेच्या दुकानातला मयूर मोजकं आणि मुद्द्याचं बोलायचा. "ही टफन काच. भट्टीत तापवून एकदम थंड केलेली. साधी काच फुटली की सुऱ्या होतात, हिचे बोथट खडे होतात. कोपऱ्यात शिक्का असतो, तो बघूनच घ्यायची. आणि ही लॅमिनेटेड. टफनच्याच दोन काचा, मध्ये पातळ थर चिकटवलेला. फुटली तरी खाली पडत नाही, जागेवर धरून राहते. वरच्या मजल्याला हीच बरी, काका."

"शनिवारच्या आत मिळेल?"

"लॅमिनेटेड पुढच्या आठवड्यात. शनिवारच्या आत एकेरी टफन मिळेल. तीही लावतात लोक."

धम्मपाल काउंटरवर बोटं वाजवत उभे राहिले. पाळणाघरातली ती धरून ठेवलेली जागा त्यांच्या डोळ्यांपुढे आली. "एकेरी द्या," ते म्हणाले. घरी गेल्यावर त्यांनी शिक्क्याबद्दल सांगितलं, बोथट खड्यांबद्दल सांगितलं. दुसऱ्या काचेबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. जिन्याला काळ्या सळ्या लागल्या. गॅलरीत स्टीलच्या पकडींमध्ये काच उभी राहिली, इतकी स्वच्छ की मंगलाबाईंनी दोनदा विचारलं, "लावली का?" तिच्यावर धरायला पाइप बसवायचा होता, तो राकेशच्या टेम्पोत होता. खाली मंगलाबाईंनी गॅलरीच्या बरोबर खाली, पंख्याच्या वाऱ्यात, मैत्रीसाठी सतरंजी अंथरली आणि तिच्यावर खेळणी मांडली.

धम्मपालांनी हातोडी काढली.

राकेशनं कपाळाला हात लावला. धम्मपाल खालून वर एकेक सळी वाजवत निघाले. टण्ण. टण्ण. टण्ण. जिन्याच्या वळणावर एक सळी 'धब्ब' म्हणाली. त्यांनी परत मारली. धब्ब.

"राकेश, हिचा सांधा भरलेला नाही."

"भरलाय, काका. रंग दिलाय ना वरून."

धम्मपालांनी नखानं रंग खरवडला. आत पुट्टी निघाली. वेल्डिंग नुसतं टिकलीएवढं.

"पुट्टी सगळेच भरतात हो..."

"भरत असतील. पण ही सळी नीट जोडल्याशिवाय गाडी सुटणार नाही." राकेशनं तोंडातल्या तोंडात रेल्वेचा उद्धार करत सळी पुन्हा जोडली. धम्मपालांनी वाजवली. टण्ण. मंगलाबाईंकडे त्यांनी असं बघितलं की जणू आख्खी पंजाब मेल त्यांनी हातानं थांबवून वाचवली होती. हा विजय त्यांच्या अंगात भिनला आणि तिथंच घोटाळा झाला.

"काका, काचेला हातोडी लावू नका हां," एवढं बोलून राकेश पाइप आणायला टेम्पोकडे गेला. त्याच वेळी निकिताचा फोन आला. "बाबा, सिन्नर सोडलं. येतोच आम्ही."

सिन्नर सोडलं म्हणजे आता वेळ नव्हता. धम्मपाल गॅलरीत काचेसमोर उभे राहिले. लोखंड तपासलं आणि काच तशीच सोडली, तर नात जिच्याशी टेकून उभी राहणार ती वस्तू न तपासता पास केल्यासारखं होणार होतं. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. त्यांनी आधी बोटाच्या पेरानं वाजवलं. मग हातोडीच्या लाकडी दांड्यानं. मग लोखंडी तोंडानं अगदी हळू, मधोमध. काच छान बोलली. त्यांना बरं वाटलं. पण चाकाला कुणी मधोमध मारत नाही. चीर असते ती काठाला. चाक काठावरच ठोकायचं असतं.

त्यांनी काचेच्या वरच्या उघड्या कोपऱ्यावर एक टोला दिला.

चाकांबद्दल त्यांचं ज्ञान पक्कं होतं. काचेचाही काठ हीच दुखरी जागा असते, एवढंही त्यांनी बरोबर ओळखलं होतं. फक्त चाक टोला खाऊन बोलतं आणि टफन काच टोला खाऊन कामच संपवते. डोळ्यांदेखत आख्खी काच दुधासारखी पांढरी झाली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग पोतं फाटून खडीसाखर सांडावी तशी खाली हॉलमध्ये कोसळली.

आवाज थांबल्यावर घरात काहीच ऐकू येईना. पंखासुद्धा फिरतोय की नाही कळेना. समोर उघडी गॅलरी, खाली चकाकणारा ढीग आणि त्या ढिगाखाली सतरंजी. थोड्या वेळापूर्वी मंगलाबाई तिच्यावर बसून बाहुलीचे केस विंचरत होत्या.

"मंगल!" बायकोला त्यांनी आयुष्यात कधी नावानं हाक मारली नव्हती. "मंगल!"

स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली आणि मागोमाग आवाज आला. "जिवंत आहे. काय फोडलंत?"

धम्मपाल भिंतीला धरून खाली बसले.

राकेश पाइप खांद्यावर घेऊन दारात आला आणि तिथंच थिजला. "काका, मी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतंस."

"आता पोरीला काय सांगणार?" हे मंगलाबाई.

राकेशनं पाइप खाली ठेवला. "त्यात काय! सांगा, आणताना टेम्पोत फुटली. रोज फुटतात. नवी मागवलीय म्हणावं."

ही कल्पना धम्मपालांना फार आवडली. टेम्पोत फुटली. किती साधं वाक्य! जिना उतरता उतरता ते पुटपुटून बघू लागले. टेम्पोत फुटली गं. अगं, टेम्पोतच फुटली. मंगलाबाईंनी केरसुणी आणली आणि एक शब्द न बोलता झाडायला सुरुवात केली. मुलगी आईवर गेली होती हे धम्मपालांना तेव्हा पुरतं कळलं.

खडे सगळीकडे पांगले होते. सोफ्याखाली, बुद्धमूर्तीच्या कोनाड्यात, पायपुसण्यात. धम्मपालांनी सतरंजीवरचं कापडी बदक उचललं आणि झटकलं. बदकाच्या पंखाखालून काचेचा एक तुकडा निघाला. मयूरनं सांगितलं होतं तसा बोथट नव्हता. एका बाजूनं टोकदार होता. मैत्री बदक आधी तोंडात घालते, मग खेळते.

धम्मपालांनी तो तुकडा तळहातावर घेऊन पाहिला. मग ते टेम्पोचं वाक्य त्यांना जुळवता येईना.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. धम्मपाल धावत फाटकापाशी गेले आणि दोन्ही हात आडवे पसरून उभे राहिले.

"आत यायचं नाही."

निकिता मैत्रीला कडेवर घेऊन उतरत होती. बापाचा चेहरा बघून तिचा रंग उडाला. "काय झालं? आई कुठंय?"

"आई बरी आहे. गॅलरीची काच फुटली. सगळीकडे खडे आहेत."

मागून राकेश धावत आला. "मॅडम, त्याचं असं झालं, टेम्पोत कधी कधी..."

"गप रे," धम्मपाल म्हणाले. "मी फोडली. हातोडीनं. ठोकून बघत होतो." आणि आता सुरुवात झालीच आहे तर थांबायचं कशाला, असं वाटून ते पुढं म्हणाले, "फुटली तरी जागेवर राहणारी काच मिळत होती. पण ती पुढच्या आठवड्यात येणार होती. तू आज येणार म्हणून मी ही घेतली. आईलाही सांगितलं नाही."

निकिता गप्प. तीच ती गॅलरीतली गप्प. मैत्री आजोबांना ओळखून खाली उतरायला धडपडायला लागली.

"खाली ठेवू नकोस तिला! बूट असले तरी नको. सविताताईंच्या ओट्यावर बसा दोघी. मी बोलावल्याशिवाय उठायचं नाही."

निकिता प्रवासानं थकली होती, मैत्री भुकेली होती, ऊन चढलं होतं. पण बाप फाटकातून हलेना. ती सविताताईंच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथून पगाऱ्यांच्या हॉलची खिडकी दिसत होती.

आत झाडून झालं. ओल्या फडक्यानं पुसून झालं. मग धम्मपाल स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्यांसाठी मळून ठेवलेला कणकेचा गोळा घेऊन आले.

"अहो, ती पोळ्यांची कणीक आहे!"

"पोळ्या नको आज." कणकेचा गोळा ते फरशीवर टिपत टिपत निघाले. बारीक कण कणकेला चिकटत होते. मग टॉर्च फरशीवर आडवी ठेवून ते पालथे झोपले, कण चमकतोय का बघायला. एक चमकला. परत कणीक. परत टॉर्च. मग अनवाणी चालून बघितलं, एक फरशी सोडायची नाही अशा बेतानं. तळव्याला काहीतरी टोचलं, रक्ताचा थेंब आला. ते खाली बसले आणि पहिल्यापासून सुरू केलं.

निकिता खिडकीशी आली. "बाबा, झालं का?"

"नाही."

"किती वेळा झाडताय? झालं असेल आता."

"नाही म्हटलं ना! ओट्यावर जा."

मंगलाबाई आतून म्हणाल्या, "जा गं बाई, इंजिन तापलंय."

तिकडे राकेशला टेम्पोवाल्या वाक्याची लाज वाटत असावी. त्यानं उरलेल्या सळ्यांचं एक छोटं फाटक जुळवलं आणि जिन्याच्या पायथ्याशी बसवलं. कडी बाहेरून, वर, लहान हाताला न पोचणारी. वरचा मजला बंद. सतरंजी आणि खेळणी मंगलाबाईंनी पार समोरच्या भिंतीशी नेली.

सावल्या लांबल्या तेव्हा धम्मपाल दारात आले आणि म्हणाले, "आण."

निकितानं मैत्रीला उंबऱ्याच्या आत उतरवलं. मैत्री दोन पावलं चालली, थांबली, खाली बघितलं. धम्मपाल तिच्या पुढं पुढं रांगत होते, हातानं फरशी चाचपत. मैत्रीनं त्यांना बगल दिली आणि ती थेट नव्या फाटकाकडे पळाली. दोन्ही मुठींनी दोन सळ्या धरल्या आणि मध्ये डोकं खुपसलं. डोकं जाईना. तिनं मान वाकडी करून बघितलं. जाईना. पाय वर टेकवायला काही आहे का बघितलं. नव्हतं. मग तिनं संतापून असा भोंगा पसरला की सविताताई ओट्यावरून उठून आल्या. राकेश खूश होऊन मान डोलवत ऐकत राहिला.

निकितानं फाटक हलवून बघितलं, कडी काढून परत लावली, वर उघड्या गॅलरीकडे बराच वेळ पाहिलं. सोफ्याखाली वाकून पाहिलं. बापाच्या तळव्यावरची पट्टी पाहिली. पोळ्यांविना आमटी-भात खाऊन झाला, मैत्रीला नाचणीचं सत्त्व भरवून झालं, तिनं ते न थुंकता खाल्लं, तरी निकिता गप्पच. धम्मपालांनी पाण्याचा पेला दोनदा रिकामाच तोंडाला लावला.

शेवटी तिनं फोन काढला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

"ताई, निकिता बोलतेय. मैत्रीची जागा दुसऱ्या कुणाला दिलीत तरी चालेल... हो, आजी-आजोबांकडे... नाही हो, घर कुठं तयार आहे! वरचा मजला तर सताड उघडा आहे. तो आठवडाभर बंद ठेवायचा, लॅमिनेटेड काच लागेपर्यंत. तोवर मीही रोज फोन करून डोकं खाणार."

पलीकडून ताईंनी विचारलं असणार, की मग असल्या घरात ठेवताच कशाला. कारण निकितानं वळून हॉलमध्ये पाहिलं. तिचे वडील पुन्हा एकदा टॉर्च घेऊन टीव्हीच्या टेबलाखाली पालथे पडले होते आणि मैत्री त्यांच्या पाठीवर बसून दोन्ही कान ओढत होती.

"बघणारं माणूस आहे ना इथं," निकिता म्हणाली. मग तिनं आवाज खाली आणला. "म्हणजे, त्याच्याकडेही कुणालातरी बघावं लागतं. ते आई बघेल."